बोगदा क्रमांक 6

भिंतीवरच्या या अर्धगोल खाचा पहारींच्या आहेत. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडाचा हा ग्रॅनाइट 1866-67 मध्ये फोडला तो मुख्यतः चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातून आलेल्या मजुरांनी. बोगद्याची लांबी 1,659 फूट.

दोन्ही तोंडांकडूनच खणत बसले असते तर अमेरिका ओलांडणाऱ्या लोहमार्गाचा पश्चिमेकडचा भाग बांधणारी सेंट्रल पॅसिफिक रेल्वे कंपनी इथेच अडकली असती. म्हणून डोंगरमाथ्यावरून मधोमध 73 फूट खोल विहीर उतरवली आणि तिच्या तळातून दोन्हीकडे खोदाई धरली. एकाच वेळी चार जागी काम, रात्रंदिवस पाळ्या.

एका भोकाला तिघे. एकजण पहार धरून बसायचा, दोघे आळीपाळीने घण घालायचे. दर घावाला पहार थोडी फिरवायची, नाहीतर ती रुतून बसते. मग दारू ठासायची, वात पेटवायची आणि पळायचं. खडक इतका चिवट, की कधी दगड जागचा हलायचा नाही आणि दारू बंदुकीच्या बारासारखी भोकातूनच बाहेर यायची. अशाने एका जागी दिवसाला सरासरी 1.18 फूट काम व्हायचं. 1867 मध्ये नायट्रोग्लिसरीन, म्हणजे दारूहून जोरदार द्रव स्फोटक, तिथल्या तिथे बनवायला लागले. अडीच इंची भोकाऐवजी सव्वा इंची पुरू लागलं, वेग 1.82 फुटांवर गेला. मात्र न उडालेला सुरुंग ढिगाऱ्यात राहिला आणि त्यावर घाव बसला, की संपलंच.

1866-67 च्या हिवाळ्यात 44 वादळं झाली. छावणीतून कामावर जायला बर्फातच भुयारं खणली होती. हिमकडे कोसळून गाडल्या गेलेल्यांपैकी काहींची प्रेतं थेट वसंतात सापडली.

चिनी टोळीचा आचारी वेगळा: भात, सुकवलेले मासे, भाज्या, आणि पिंप भरून चहा. पाणी उकळलेलं असल्याने हगवण कमी. मात्र हा शिधा पगारातून. गोऱ्या मजुरांना जेवण कंपनीकडून. जून 1867 मध्ये सुमारे 3,000 चिनी मजुरांनी संप केला. महिना 35 ऐवजी 40 डॉलर द्या, बोगद्यातली पाळी 8 तासांची करा. कंपनीने हाणामारी केली नाही, शिधाच तोडला. आठवड्याभरात घण पुन्हा चालू झाले, पगार 35 च राहिला. ऑगस्टमध्ये बोगदा आरपार झाला.

पगारपत्रक बघा. टोळीच्या मुकादमाचं नाव लिहिलंय, उदाहरणार्थ हुंग वाह. टोळीतल्या बाकीच्यांची नावं लिहायची पद्धतच नव्हती. पैसे एकगठ्ठा मुकादमाच्या हाती.