साथीला कोण आहे?

(माहितीपटाचं निवेदन. दृश्य : संगीत विभागाचा व्हरांडा. दाराशी चपलांची रांग. आतून हातोडीचे ठोके.)

एम.ए. संगीताच्या प्रवेश चाचणीला येणाऱ्या प्रत्येकाला दाराशी एका कागदावर माहिती भरावी लागते. नाव, मोबाईल, गायन की वादन, आणि शेवटच्या रकान्यात स्वर, म्हणजे पेटीच्या कुठल्या पट्टीला ‘सा’ धरता ते. काळी एक. पांढरी पाच. काळी चार. निवड समितीला या रकान्याचं फारसं काम नसतं. तो असतो आत बसलेल्या तबलजींसाठी.

(दृश्य : तीन तबले, एक डग्गा. गठ्ठा सरकतो.)

पुरुषांच्या काळी एकला लागणारा तबला लहान तोंडाचा, सव्वापाच-साडेपाच इंचांचा. बायकांच्या काळी चारला मात्र मोठ्या तोंडाचा, सहा इंचांच्या आसपासचा. वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकून मोठा फरक काढायचा, उरलेला बारीक फरक गजऱ्यावर, म्हणजे तोंडाभोवतीच्या चामड्याच्या वेणीवर, हलके ठोके देऊन. एक उमेदवार उठून दुसरा बसेपर्यंत मिनिट-दीड मिनिट मिळतं, तेवढ्यात हे सगळं. एका स्वराचे उमेदवार एकापाठोपाठ बसवले तर काम निम्म्यावर येईल. पण यादी लागते ती आडनावांच्या अकारविल्ह्यानं.

(दृश्य : कार्यालयाची खिडकी. प्लॅस्टिकच्या फोल्डरमधली कागदपत्रं.)

संगीत घेऊन बी.ए. झालेले इथे येतातच. महाराष्ट्रातल्या अनेक विद्यापीठांत दुसरीही वाट आहे : पदवी कुठल्याही शाखेची, आणि जोडीला अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची ‘संगीत विशारद’. म्हणून या रांगेत इंजिनीअर आहेत, फार्मसीवाले आहेत, आणि बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाईही आहेत. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. मंडळ १९३१ चं, त्यांच्या शिष्यांनी उभं केलेलं. तालुक्याच्या गावात संध्याकाळी हार्मोनियमचा क्लास चालतो तिथली मुलं प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा करत विशारदपर्यंत पोचतात, ती या मंडळाच्या परीक्षांमधून. विद्यापीठाला हा आयता पाया मिळाला.

कागद मात्र सगळ्यांना सारखेच. गुणपत्रिका, ट्रान्सफर सर्टिफिकेट, दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्यांना मायग्रेशन, अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा बारा अंकी क्रमांक, आणि शिक्षणात खंड असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. बँकेतल्या बाईंनी खंडाचं कारण लिहिलंय : नोकरी व संसार.

(दृश्य : चाचणीची खोली. समितीचं टेबल, समोर सतरंजी.)

चाचणीला साधारण दहा मिनिटं. एक राग आपल्या आवडीचा, त्यात संथ लयीतला बडा ख्याल आणि जलद लयीतला छोटा ख्याल. मग समिती विचारते : याच रागाच्या जवळचा दुसरा कोणता, फरक कुठे दाखवाल? एकताल दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, हातावर म्हणा. हार्मोनियमवर चार स्वर वाजवून राग ओळखायला सांगतात.

पण मुली बसल्या बसल्या आधी समितीकडे बघत नाहीत. ही बघा.

(दृश्य : विद्यार्थिनी तबल्याकडे वळते. मूळ आवाज : “दादा, लय जरा कमी ठेवाल?”)

दोघांची ही पहिलीच भेट. तिनं ख्याल कुठल्या घराण्याचा उचललाय हे दादांना मुखड्यावरून, म्हणजे बंदिशीच्या सुरुवातीच्या तुकड्यावरून, ओळखायचंय. किराणा घराण्याची तालीम असेल तर विलंबित एकताल इतका संथ जातो की बारा मात्रांच्या एका आवर्तनाला जवळजवळ मिनिट लागतं. ग्वाल्हेरचा असेल तर कदाचित तिलवाडा ताल येईल, लय थोडी चढी. जयपूरवाली बहुधा तीनताल मागेल, तोही मध्यलयीकडे झुकलेला. चुकीच्या लयीत ठेका धरला तर मुलीचा आलाप आखडतो, आणि गुण तिचे जातात.

(निवेदन थांबतं. गाणं मूळ आवाजात, ३० सेकंद.)

(दृश्य : फळ्यावर वेळापत्रक.)

आता अभ्यासक्रम. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातला दोन वर्षांचा एम.ए. ८८ क्रेडिट्सचा आहे, दर सत्राला २२. लेखी विषयाच्या एका क्रेडिटला १५ तास, प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला ३० तास. पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीची ४ क्रेडिट्स, दुसऱ्यात ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्टची ४, तिसऱ्या आणि चौथ्या सत्रात संशोधन प्रकल्पाची ४ आणि ६. पहिल्या वर्षानंतर थांबलात तर पदव्युत्तर पदविका. चार वर्षांची ऑनर्स पदवी घेऊन आलेल्याला एम.ए. एका वर्षात.

हे कोष्टक सगळ्या शाखांना एकच : अर्थशास्त्राला, मराठीला, संगीतालाही. ऑन जॉब ट्रेनिंगला कुणी रेकॉर्डिंग स्टुडिओत जातं, कुणी शाळेत गाणं शिकवतं. गुरूंच्या घरी पहाटे केलेल्या रियाजाला कोष्टकात जागा सापडत नाही. विद्यापीठांना हे कळलं नव्हतं असं नाही. १९८७ साली पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र सुरू झालं तेच गुरूंकडची तालीम विद्यापीठाच्या चौकटीत आणायच्या कल्पनेतून. मुंबई विद्यापीठाचं संगीत केंद्र संगीतशास्त्रज्ञ अशोक दा. रानड्यांनी सांभाळलं, आणि आवाज, बोलणं, गाणं यांच्याकडे अभ्यासाचा विषय म्हणून बघायला शिकवलं. एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठात गायिका प्रभा अत्रे विभागप्रमुख होत्या. मैफलीत गाणारी माणसं वर्गात शिकवत होती, ही या विभागांची जुनी श्रीमंती.

(दृश्य : रियाजाची खोली. दोन तानपुरे, एक इलेक्ट्रॉनिक तानपुरा, मोबाईलवर तबल्याचं ॲप.)

एम.ए.चे राग दोन गटांत येतात. काही सविस्तर गायचे : बडा ख्याल, छोटा ख्याल, बढत, ताना. काहींची नुसती ओळख, बंदीश आणि चलन, म्हणजे रागाची चाल. एका सत्रात कानडा रागाचे प्रकार घेतले की नायकी, अभोगी, शहाणा, कौशी एकाच आठवड्यात गळ्यात घोळायला लागतात. गंधार कुठे आंदोलित, म्हणजे झुलता, कुठे सरळ, एवढ्यावर अख्खी दुपार जाते.

ठेका बहुतेक वेळा मोबाईलमधून येतो. ॲप कंटाळत नाही, रजा घेत नाही. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना गाणारी अर्धी मात्रा चुकली तर तिला सावरूनही घेत नाही. ती चूक पाठ होते. मग बुधवारी दादा येतात आणि पहिला अर्धा तास ती चूक सोडवण्यात जातो.

(दृश्य : दादा ठेका धरतात, बोटानं सम दाखवतात. विद्यार्थिनी हसते, पुन्हा सुरुवात करते.)

विभागात साथीदाराची कायम जागा नाही. आठवड्यात दोन दिवस, तासाच्या मानधनावर. बाकीच्या दिवशी दादा दोन क्लास घेतात आणि संध्याकाळी नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांना वाजवतात.

(दृश्य : हार्मोनियमच्या पट्ट्या, भात्यावरचा हात.)

हार्मोनियमवाले काका त्यांच्याहून ज्येष्ठ. आकाशवाणीनं १९४० साली हार्मोनियम बंद केली, ती १९७१ पर्यंत. कारण असं की या पेटीत श्रुती, म्हणजे स्वरांमधले बारीक स्वर, नाहीत; मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही. आज शास्त्राच्या पेपरला त्या वादावर टिपा लिहायला येतात, आणि त्याच विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकाला पेटी लागतेच. काकांना आम्ही याबद्दल विचारलं. ते पेटीचा सूर तपासत होते.

(दृश्य : तबल्याचा विद्यार्थी एकल वादन करतो. पेटीवर लेहरा.)

तबला घेऊन एम.ए. करणाऱ्याची गोष्ट उलटी. पेशकार, कायदे, रेले, चक्रदार अशा तबल्याच्या रचना तो वाजवणार, आणि पेटीवर कुणीतरी पाऊण तास एकच लेहरा, म्हणजे ताल दाखवणारी छोटी सुरावट, धरणार. तीच सुरावट, तीच लय, न हलता. वर्गातल्या गायनाच्या मुलींना आम्ही हे करायला लावलेलं बघितलं. दहाव्या मिनिटाला एकीची लय सुटली. तबल्याचा मुलगा थांबला, तिच्याकडे बघून म्हणाला, “आता कळलं?”

हा धडा कुठल्याच पेपरात नाही. तो सक्तीचा करावा असं आम्हाला चित्रीकरण करताना वारंवार वाटलं.

(दृश्य : सभागृह. मंचप्रदर्शनाचा दिवस. बॅनर लावला जातोय.)

चौथ्या सत्राच्या शेवटी मंचप्रदर्शन. बाहेरून परीक्षक येतात. समोर श्रोते असतात : कनिष्ठ वर्ग, पालक, कुणाचे गुरुजी मागच्या रांगेत. अर्धा-पाऊण तास. एक राग सविस्तर, मग ठुमरी, नाट्यगीत किंवा भजन. इथे गुण फक्त गळ्याला नसतात. वेळेचं भान, रागाच्या प्रहराचं भान, मंचावर बसणं, साथीदारांशी संवाद, सगळं धरलं जातं.

सकाळपासून मेकअपच्या खोलीत एकच प्रश्न ऐकू येतोय.

(मूळ आवाज, तीन विद्यार्थिनी, एकापाठोपाठ : “साथीला कोण आहे?”)

दिवसभरात अकरा विद्यार्थी. अकरा बडे ख्याल, अकरा छोटे, तेवढीच उपशास्त्रीय. साथीला तेच दादा आणि तेच काका. सकाळचा तोडी, दुपारचे सारंग, तिन्हीसांजेचा मारवा, रात्रीचा बागेश्री. श्रोते बदलतात, परीक्षक चहाला उठतात. दादा जेवणाच्या सुट्टीतही दुपारच्या पहिल्या मुलीसाठी तबला काळी तीनला आणतायत.

(दृश्य : सलग तुकडे. अकरा समा, एकेक सेकंदाच्या.)

(निवेदन नाही. शेवटच्या विद्यार्थिनीचा द्रुत, ५० सेकंद, टाळ्यांपर्यंत.)

(दृश्य : ग्रंथालय. बांधीव प्रबंधांची कपाटं.)

संशोधन प्रकल्पाला विषय स्वतः निवडायचा, मार्गदर्शकाची मान्यता घ्यायची, मुलाखती घेतल्या तर ध्वनिमुद्रणं जोडायची. मजकूर उचलेगिरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर मोजायचा नसतो, पण यंत्राला ते सांगावं लागतं. न सांगितल्यास शंभर जणांनी उतरवलेली एकच बंदीश पानोपानी लाल होऊन येते.

इथे एका विद्यार्थ्यानं विषय घेतलाय, आपल्या जिल्ह्यातल्या भजनी मंडळांचे पखवाजवादक. वर्गातल्या बाकीच्यांचे विषय घराणी आणि गायक.

(दृश्य : पीएच.डी.ची विद्यार्थिनी, लॅपटॉप, भिंतीवर कॅलेंडर.)

एम.ए.ला ५५ टक्के असतील तर पीएच.डी.; राखीव प्रवर्गांना ५ टक्क्यांची सूट. आधी प्रवेश परीक्षा, मग मुलाखत, सिनॉप्सिस म्हणजे संशोधनाचा आराखडा, मग आरआरसी, म्हणजे संशोधन मान्यता समिती. २०२२ च्या नियमांप्रमाणे कोर्सवर्क किमान १२ क्रेडिट्सचा, मुदत कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं. स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते, आणि बाळंतपण व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. दर सत्राला सल्लागार समितीपुढे प्रगती अहवाल. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ संशोधक, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायककडे चार. म्हणून मार्गदर्शक मिळणं हीच पहिली परीक्षा, विशेषतः वादनाच्या विषयांना.

गाणारा माणूस प्रबंध कशाला लिहितो, असं विचारणारे आहेत. प्रभा अत्रे यांनी डॉक्टरेटसाठी सरगम, म्हणजे स्वरांची नावं घेत गाणं, हाच विषय घेतला. जे त्या मैफलीत गात होत्या, त्याचीच बाजू त्यांनी कागदावर मांडली. या विद्यार्थिनीचा विषय आहे ख्यालगायनातल्या ठेक्याचं बदलत गेलेलं वजन. तिनं जुन्या ध्वनिमुद्रणांतली आवर्तनं सेकंदात मोजून ठेवलीत. तक्त्यात एक रकाना तबलावादकाच्या नावाचा आहे. तो बऱ्याच ठिकाणी कोरा आहे, कारण तबकडीवरच नाव नाही.

(दृश्य : खुली मौखिक परीक्षा. प्रोजेक्टर. विद्यार्थिनी मध्येच ठेका हातावर देते.)

प्रबंध बाहेरच्या दोन परीक्षकांकडे जातो, अहवाल अनुकूल आले की खुली मौखिक परीक्षा होते, आणि प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढवला जातो.

(दृश्य : पदवीदान. टोप्या.)

पुढे नोकरीसाठी नेट, म्हणजे सहायक प्राध्यापकपदाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा : वर्षातून दोनदा, संगणकावर, दीडशे प्रश्न, पर्याय निवडायचे. पदवीधर कलाकारासाठी आकाशवाणीच्या ‘ए’ श्रेणीवरूनही सहायक प्राध्यापकपदाची पात्रता धरता येते, पण तिथवर पोचणारे मोजके. बाकीचे शाळांत, क्लासांत, तासिका तत्त्वावर.

(दृश्य : पुन्हा कार्यालयाची खिडकी. दादा एक फॉर्म भरतायत.)

मंचप्रदर्शनाच्या मानधनाचं बिल साथीदारानं स्वतः भरून द्यायचं. तारीख, तास, विद्यार्थ्यांची संख्या, विभागप्रमुखांची सही, परीक्षा विभागाचा शिक्का, मग लेखा विभाग. तबला आणण्या-नेण्याच्या रिक्षाभाड्याला फॉर्ममध्ये रकाना नाही. दादांनी ते समासात लिहिलंय.