वाटाण्याएवढं जेल

गडद निळा, अगदी नवा टॉवेल. त्यावर फिकट नारिंगी डाग. रात्री मुरुमांवर लावलेलं बेंझॉइल परॉक्साइड सकाळी तोंड पुसताना टॉवेलला लागलं आणि रंग उडाला. उशीच्या अभ्र्याचं, कुर्त्याच्या गळ्याचंही हेच होतं. उडालेला रंग परत येत नाही. औषध चालू आहे तोवर टॉवेल आणि अभ्रा पांढराच ठेवावा.

कापड बदलता येतं. चेहऱ्याचं तसं नाही.

पहिले 2 ते 4 आठवडे त्वचा कोरडी पडते, चुरचुरते, नाकाच्या कडेनं पापुद्रे सुटतात. अ‍ॅडापलीन आणि ट्रेटिनॉइन ही मुरुमांवरचीच औषधं त्वचेच्या पेशी झपाट्यानं बदलायला लावतात, त्याचा हा त्रास. बहुतेकांना तो हळूहळू कमी होतो. पण नेमकं याच दिवसांत कुणी औषध सोडून देतं, तर कुणी लवकर गुण यावा म्हणून दुप्पट चोपडतं. गुण यायला 8 ते 12 आठवडे लागतातच.

(जवळून : बोटाच्या पेरावर जेलचा थेंब)

अख्ख्या चेहऱ्याला एवढंच पुरतं, वाटाण्याएवढं. कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी इथे टिपके द्यायचे आणि पातळ पसरायचं. चेहरा धुतल्यावर वीसेक मिनिटं थांबा. ओलसर त्वचेवर औषध जास्त झोंबतं. डोळ्यांच्या कडा, ओठांचे कोपरे, नाकपुड्यांलगतची खाच सोडून द्या. सुरुवात एक दिवसाआड, आणि आधी मॉइश्चरायझरचा हात. बेंझॉइल परॉक्साइड 2.5 टक्क्यांचं घ्या. 10 टक्क्यांनी गुण फारसा वाढत नाही, आग मात्र वाढते.

गव्हाळ, सावळ्या त्वचेवर ही आग काळा डाग ठेवून जाते, आणि तो महिनोन् महिने हटत नाही. म्हणून दिवसा सनस्क्रीन हवंच. ओठांवरची लव वॅक्सनं काढू नका, केसांबरोबर सालही सोलून निघते.

पापण्या, ओठ, जीभ सुजली, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला, तर ती अ‍ॅलर्जी. क्वचित होते, पण तेव्हा चेहरा धुऊन तडक दवाखाना गाठा. गरोदरपणात अ‍ॅडापलीन, ट्रेटिनॉइन दोन्ही नकोत.

सर्वांत जास्त नुकसान मात्र मुरुमांचं औषधच नसलेल्या एका क्रीमनं होतं. मैत्रिणीनं सुचवलेली, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली गोरेपणाची ट्यूब. आत बेटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासॉल, म्हणजे स्टेरॉइड. सुरुवातीला चेहरा उजळतो. पुढे त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, गालांवर लव वाढते, मुरुमं उसळतात. क्रीम थांबवली की चेहऱ्याची आग होते, म्हणून माणूस पुन्हा तीच लावतो. 2018 मध्ये भारतात अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई झाली, तरी ती मिळतात.

ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. यांतलं एक जरी नाव दिसलं, तर मनानं बंद-चालू करत बसू नका. ती ट्यूब घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.