कंबर पुन्हा का धरते?

फिजिओथेरपीनं थांबलेलं दुखणं काही महिन्यांनी परत आलं की दोष एक तर थेरपिस्टला मिळतो, नाही तर वयाला. आज मी फक्त कंबरेबद्दल बोलणार आहे. इथं बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या कंबरेत कधी ना कधी उसण भरलेली असणार.

उसण भरली की तुम्ही आम्हा फिजिओथेरपिस्टांकडे येता, पालथे झोपता, शेक घेता, मग ते करंटचं मशीन. मुंग्या येतात, बरं वाटतं. त्वचेवरून येणाऱ्या संवेदना मज्जारज्जूपाशीच वेदनेची वाट अडवू शकतात, असं वेदनेवर संशोधन करणाऱ्या मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मांडलं. हे करंटचं मशीन, म्हणजे टेन्स, त्याच विचारातून आलं. मशीनला मी नावं ठेवत नाही. दुखत असताना कुणी व्यायामाला हात लावत नाही, तेवढ्यापुरतं ते कामाचं आहे. पण स्नायूत ताकद भरणं त्याच्या हातात नाही. लोक मात्र सिटिंग मोजतात. दहा झाली, दुखायचं थांबलं, व्यायामाचा कागद फ्रिजवर चिकटवला, विषय संपला!

आता आत काय होतं ते बघा. मणक्यांना लागून दोन्ही बाजूंनी मल्टिफिडस नावाचा खोल स्नायू असतो. मणके जागच्या जागी धरून ठेवायला तो मदत करतो. कंबर दुखली की दुखऱ्या बाजूला तो बारीक होऊ शकतो. ऑस्ट्रेलियात ज्युली हाइड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्यांदाच कंबर धरलेल्या ३९ जणांची सोनोग्राफी करून १९९६ मध्ये निष्कर्ष छापले. दुखणं गेलं तरी स्नायू आपोआप भरून आला नव्हता. ज्यांनी खास व्यायाम केले, त्यांचा आला. पुढच्या वर्षभरात व्यायाम केलेल्यांपैकी ३० टक्क्यांचं दुखणं परतलं, न केलेल्यांपैकी ८४ टक्क्यांचं. अभ्यास लहान आहे, आकडे जरा जपून घ्या. पण दुखणं आधी जातं आणि ताकद मागाहून येते, हे आम्ही रोज बघतो. मधल्या काळात माणसाला वाटतं आपण ठणठणीत झालो, आणि नेमका तेव्हाच तो पोटमाळ्यावरचे डबे काढायला चढतो.

शिवाय व्यायाम कुठला, हेही बघायला हवं. गादीवर पडून कंबर उचलणं ही सुरुवात झाली. भरलेला गॅस सिलिंडर सुमारे तीस किलोचा असतो. त्याची तयारी गादीवर कशी होणार? घरातली बादलीच घ्या. पाच लिटर पाणी भरा. बादली दोन्ही पायांच्या मध्ये, अंगाजवळ. गुडघे थोडे वाकवा, खुब्यातून वाका, श्वास न कोंडता उचला, ठेवा. आठ-दहा वेळा, आठवड्यातून दोन-तीनदा. जमायला लागलं की पाणी वाढवा. पाच लिटरवरच सहा महिने काढलेत तर कंबर पाच लिटरपुरतीच तयार होईल. ‘आयुष्यात कधी वाकू नका’ हा सल्ला मला मुळीच पटत नाही. त्यानं कंबर आखडते आणि मनात भीती बसते ती वेगळीच.

ज्यांना हेही झेपत नाही त्यांनी चालावं. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातला ७०१ जणांचा अभ्यास आला. कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्यांपैकी काहींना फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्यानं हळूहळू चालणं वाढवायला सांगितलं, बाकीच्यांना काहीच उपचार दिले नाहीत. चालणाऱ्यांपैकी निम्म्यांचं दुखणं परत यायला २०८ दिवस लागले, इतरांपैकी निम्म्यांचं ११२ दिवसांतच परतलं. म्हणजे चालून दुखणं कायमचं जात नाही, पण उशिरा परततं. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास, इथपर्यंत सावकाश पोचायचं. मंडईतून रमतगमत येणं त्यात धरू नका.

एवढं करूनही कधी तरी दुखेल. तेव्हा अंथरूण धरू नका. एक-दोन दिवस उचलायचं वजन निम्म्यावर आणा, चालणं थोडं कमी करा, मग पुन्हा वाढवत न्या. मात्र पायातली ताकद जायला लागली, लघवी-संडासवरचा ताबा सुटला किंवा जांघेत बधिरपणा आला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. ताप, कारण नसताना घटणारं वजन, रात्री झोपूही न देणारं दुखणं, यांतही आधी डॉक्टर.

मागून कुणी तरी कंबरेच्या पट्ट्याबद्दल विचारताहेत. लांबच्या एसटी प्रवासात, दुखत असेल तर, खुशाल बांधा. घरी पोचल्यावर सोडा.