शांघायच्या पावसात ससून

श्रोतेहो, नमस्कार.

जूनच्या अखेरीस शांघायला जाऊ नका, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी गेलेच नसते, आणि आज तुमच्याशी बोलायला माझ्याजवळ काही उरलं नसतं. त्या दिवसांत तिथे जो पाऊस असतो त्याला 'मेइयू' म्हणतात. आलुबुखाराच्या जातीची फळं पिकतात तेव्हाचा पाऊस, म्हणून हे नाव. आमच्या गाईडबाईनं पुढे सांगितलं, की उच्चार तोच ठेवून पहिलं अक्षर बदललं तर अर्थ होतो 'बुरशीचा पाऊस'. हॉटेलातल्या माझ्या ओल्या चपला आठवल्या आणि हा दुसरा अर्थ मला लगेच पटला. आपला पाऊस कोसळतो, दमतो, मध्येच ऊन दाखवतो. हा नुसता भुरभुरत राहतो. छत्री उघडावी तर खाली घाम, मिटावी तर चष्म्यावर पाणी.

सकाळी आम्हाला युयुआन बागेत नेलं. पान युनदुआन नावाच्या अधिकाऱ्यानं आपल्या वडिलांना म्हातारपणी निवांत बसता यावं म्हणून १५५९ मध्ये ती करायला घेतली. पुरी झाली १५७७ मध्ये. आपल्याकडच्या बांधकामांना नावं ठेवणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं! बागेबाहेर तळ्यावर नऊ वळणांचा पूल आहे. भुतांना म्हणे सरळच चालता येतं, वळता येत नाही, म्हणून पूल वाकडा. भुतांचं मला ठाऊक नाही, पण प्रत्येक वळणावर आमच्या छत्र्यांच्या काड्या एकमेकींत अडकत होत्या.

तिथेच जवळ शियाओलोंगबाव मिळतात. मांसाचं सारण आणि आत गरम रस्सा असलेले, वाफवलेले, हुबेहूब उकडीच्या मोदकासारखे. मी ते फक्त पाहिले. गाईडबाई अभिमानानं म्हणाली, 'एकेकाला अठरा चुण्या असतात.' आमच्यातल्या एक काकू वाकून बघत म्हणाल्या, 'अठराच? मी एकवीस पाडते.' याचं भाषांतर कुणी केलं नाही, ते बरं झालं.

दुपारी शांघाय टॉवर. उंची ६३२ मीटर, मजले १२८, लिफ्ट कान बंद करत मिनिटभरात वर नेते. वर काय पाहिलं? ढग. तिकिटं आधीच काढलेली, म्हणून सगळ्यांनी त्या पांढऱ्या काचेपुढे उभं राहून फोटो काढले.

संध्याकाळी मात्र नदीकाठी आलो आणि माझा दिवस फिरला. हुआंगपू नदीच्या या काठाला चिनी लोक 'वायतान' म्हणतात, बाकी जग म्हणतं 'बंड'. पुणेकर श्रोत्यांनो, कान टवकारलेत ना? हा शब्द आपलाच. बंध, बांध, नदीकाठचा बंधारा. बंडगार्डनचा 'बंड' तोच. पुण्याचा तो बंधारा बांधायला मोठी देणगी दिली जमशेटजी जिजीभॉय यांनी, आणि त्यांनी पैसा केला चीनच्या व्यापारात. तरुणपणी त्यांनी चीनच्या पाच सफरी केल्या होत्या. त्या व्यापारात कापूस होता, तशी अफूही होती. माळव्यात पिकलेली अफू मुंबई बंदरात गलबतांवर चढायची. त्या अफूपायी युद्ध झालं, चीन हरला, आणि १८४२ च्या नानजिंग तहानं शांघायसह पाच बंदरं इंग्रजांना उघडून दिली. त्याच वर्षी जमशेटजी 'सर' झाले.

एरवी बंडवर उभं राहिलं की समोर पुडोंगच्या गगनचुंबी इमारती दिसतात. त्या दिवशी समोर काहीच नव्हतं. नुसती करडी नदी आणि तिच्यावर भोंगा वाजवत जाणाऱ्या मालवाहू बोटी. पुडोंगचा विकास १९९० मध्ये जाहीर झाला. त्याआधी तिथे शेतं, गोदामं आणि कामगारांच्या वस्त्या होत्या. पावसानं जणू ती मधली वर्षं पुसून टाकली होती आणि फक्त पाठीमागची दगडी रांग ठेवली होती, म्हणजे ज्यांनी इथे येऊन पैसा केला त्यांची.

पाऊस वाढला तसे आम्ही एका जुन्या बँकेच्या इमारतीत शिरलो. १९२३ सालची. आत घुमटाखाली मोझॅइकमध्ये जगातली आठ शहरं चितारली आहेत: लंडन, न्यूयॉर्क, पॅरिस, टोकियो, बँकॉक, हाँगकाँग, शांघाय आणि कलकत्ता. मुंबई नाही! मान दुखेपर्यंत शोधली.

बाहेर आलो तर त्याच रांगेतल्या एका इमारतीचं तांब्याचं, हिरवं पडलेलं, निमुळतं शिखर धुक्यातून वर आलेलं. गाईडबाईचा आवाज कानातल्या यंत्रात म्हणाला, 'पीस हॉटेल. १९२९ मध्ये बांधलं तेव्हाचं नाव, ससून हाऊस.'

मी थांबलेच. मागच्या बाईची छत्री पाठीत लागली.

बगदादहून मुंबईला आलेले डेव्हिड ससून. त्यांचा मुलगा इलायस १८४४ मध्ये चीनला गेला; सूत, कापड आणि अफूवर तिथली पेढी वाढली. डेव्हिड यांचे पणतू व्हिक्टर यांनी मुंबईतलं भांडवल शांघायकडे वळवलं आणि ही इमारत उभी केली. डेव्हिड मात्र १८६४ मध्ये पुण्यातच वारले. कॅम्पातल्या लाल देवळाच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, आवारात त्यांची समाधी आहे. आणि त्यांच्या नावाचं रुग्णालय कुठे आहे, हे पुण्यात रिक्षावाल्यालाही सांगावं लागत नाही. तिथे फुकट उपचार घेतलेल्या गरिबांचा आणि इथे अफू ओढून खंगलेल्यांचा हिशेब एकाच वहीत असणार. तो मला त्या पावसात जुळवता आला नाही, आजही येत नाही.

गाईडबाई मागे वळून आली. काय झालं, विचारू लागली. मी त्या इमारतीकडे बोट दाखवून म्हणाले, 'माझा जन्म ससूनमधला.'

तिनं एकदा माझ्या ओल्या चपलांकडे पाहिलं, एकदा त्या हिरव्या शिखराकडे. मग फार अदबीनं विचारलं, 'कितव्या मजल्यावर?'

जनरल वॉर्ड, असं मी सांगणार होते. तेवढ्यात आमची बस आली.