हे कोण बोलतंय?

नमस्कार. शनिवारी संध्याकाळी चांदणी चौकातली गर्दी ओलांडून तुम्ही टाइपस्क्रिप्टच्या, म्हणजे कुठली किंमत आकडा आणि कुठली मजकूर अशा 'टाइप्स'च्या नोंदी जोडलेल्या जावास्क्रिप्टच्या, टेस्टच्या कॉन्फिगरेशनबद्दल म्हणजे सेटिंग्जबद्दल ऐकायला आलात, तेव्हा थेट विषयालाच हात घालतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या बाणेरच्या ऑफिसात एक मुलगी नव्याने रुजू झाली. तिला पहिलंच काम दिलं ते बिलाची बेरीज करणाऱ्या फंक्शनसाठी टेस्ट, म्हणजे ते बरोबर चालतं का ते तपासणारा कोड, लिहायचं. २० ओळींची टेस्ट. लिहायला अर्धा तास लागला आणि चालायला दोन दिवस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती म्हणाली, "सर, मला बहुतेक टाइपस्क्रिप्ट येतच नाही." तिला ते उत्तम येत होतं. चूक त्या २० ओळींत नव्हतीच. तिला असं वाटावं याचं मला आजही वाईट वाटतं, आणि आजचा विषय निवडला तो त्यामुळेच.

आपली एकच फाइल तिघे जण वाचतात: एडिटर, टीएससी म्हणजे टाइपस्क्रिप्टचा कंपायलर, आणि टेस्ट चालवणारा जेस्ट. पहिले दोघे टीएसकॉन्फिग या टाइपस्क्रिप्टच्या सेटिंग्जच्या फाइलचं ऐकतात. जेस्टला मात्र फक्त जावास्क्रिप्ट कळतं. त्याच्यासाठी टीएस-जेस्ट किंवा बेबल असा दुभाषा मधे बसवावा लागतो, आणि जेस्टची स्वतःची कॉन्फिग फाइल वेगळीच असते. म्हणून एरर दिसली की आधी विचारायचं, हे कोण बोलतंय? ते न विचारता फाइली बदलत सुटलं की आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

तिची पहिली एरर होती 'कॅनॉट फाइंड नेम डिस्क्राइब'. डिस्क्राइब म्हणजे टेस्टचे गट करणारं जेस्टचं फंक्शन. हे बोलणं टाइपस्क्रिप्टचं, जेस्टचं नव्हे. जेस्टचं टाइप्सचं पॅकेज टाकायचं हा सगळ्यांना ठाऊक असलेला उपाय तिने केला होता, तरी लाल रेघ हटेना. टीएसकॉन्फिग उघडलं तर 'टाइप्स' नावाची यादी होती आणि तीत एकटा 'नोड', म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम. ही यादी दिलेली असली की ग्लोबल, म्हणजे इम्पोर्ट न करता मिळणारे, टाइप्स तेवढेच उचलले जातात, मग नोड मॉड्यूल्स या इन्स्टॉल केलेल्या पॅकेजांच्या फोल्डरमध्ये आणखी काहीही पडलेलं असो. यादीत 'जेस्ट' हा एक शब्द वाढवला आणि रेघ गेली.

दुसरी एरर जास्त छळणारी. 'कॅनॉट फाइंड मॉड्यूल.' आमच्याकडे ॲट-स्लॅश लिहिलं की सोर्स फोल्डर, असं टीएसकॉन्फिगच्या 'पाथ्स'मध्ये ठरवलेलं आहे. एडिटर खूश, कंपायलर खूश, आणि जेस्ट अडून बसलेला. कारण 'पाथ्स' त्याने पाहिलेलेच नसतात. तेच नातं त्याला त्याच्या कॉन्फिगमधल्या 'मॉड्यूल नेम मॅपर'मध्ये पुन्हा सांगावं लागतं. तिने सांगितलंही होतं, पण 'मॅपर'च्या जागी 'मॅपिंग' लिहून. जेस्टने पिवळ्या अक्षरांत इशारा दिला होता, की हा ऑप्शन माहीत नाही, बहुधा टायपिंगची चूक आहे. पण त्याखाली लाल ओळींचा ढीग पडला आणि पिवळी ओळ पडद्याच्या वर निघून गेली. दोन दिवसांत तिने टर्मिनल वर सरकवून एकदाही पाहिलं नव्हतं. मीही पहिल्या दहा मिनिटांत पाहिलं नाही.

'इम्पोर्ट स्टेटमेंट आउटसाइड अ मॉड्यूल' ही एरर आली तर ती कुठल्या फाइलवर बोट ठेवतेय ते बघा. तुमच्या फाइलवर असेल तर दुभाषा बसलेला नाही. नोड मॉड्यूल्समधल्या फाइलवर असेल तर ते पॅकेज नव्या, म्हणजे इम्पोर्ट-एक्स्पोर्टच्या, पद्धतीचं आहे, आणि जेस्ट तिथल्या फाइली एरवी बदलतच नाही. 'ट्रान्सफॉर्म इग्नोर पॅटर्न्स' या न बदलायच्या फाइलींच्या यादीतून त्या पॅकेजला सूट द्यावी लागते. 'डॉक्युमेंट इज नॉट डिफाइन्ड' आली, म्हणजे ब्राउझरमधलं पान टेस्टला सापडलं नाही, तर २०२१ च्या जेस्ट २७ पासून डीफॉल्ट वातावरण नोडचं आहे आणि २०२२ च्या जेस्ट २८ पासून जेएसडॉम, म्हणजे ब्राउझरची नक्कल करणारं वातावरण, वेगळं इन्स्टॉल करावं लागतं, एवढं आठवा.

मला खरी काळजी वाटते ती न बोलणाऱ्या चुकीची. बेबल टाइप्स तपासत नाही, नुसते काढून टाकतो. रक्कम म्हणून २५० या आकड्याऐवजी कोणी अवतरणचिन्हांत मजकूर म्हणून २५० दिले, तर गुणाकार करताना जावास्क्रिप्ट त्याचा निमूट आकडा करून घेतं आणि टेस्ट हिरवी होते. यासाठी सीआयमध्ये, म्हणजे कोड पाठवल्यावर आपोआप होणाऱ्या तपासणीत, टीएससी 'नो एमिट' लावून, म्हणजे फाइली न बनवता नुसतं तपासायला सांगून, वेगळं चालवा. आणि ते ज्या टीएसकॉन्फिगवर चालतंय त्याच्या 'एक्स्क्लूड'मध्ये टेस्टच्या फाइली नाहीत ना, तेही बघा. बिल्डसाठी त्या बहुतेक ठिकाणी वगळलेल्याच असतात, आणि मग ही तपासणी टेस्टपर्यंत पोचतच नाही.

जेस्ट आणि टीएससी दोघांनाही 'शो कॉन्फिग' हा कमांडला जोडायचा फ्लॅग आहे. आपण फाइलीत काय लिहिलं ते बाजूला ठेवून त्यांच्या हातात शेवटी काय पडलं, ते तो छापून देतो. तिचाच तो जुना प्रोजेक्ट आता पडद्यावर लावतो, तिला विचारूनच आणलाय. 'मॅपिंग' हा शब्द तसाच ठेवला आहे. कमांड चालवतो, छापलेल्या यादीत मॅपरसमोर काय दिसतं ते मागच्या रांगेतल्यांनी मोठ्याने वाचा.