पद्मिनीचा सायलेन्सर नव्याने बनवून घेताना

मंडळी, जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार बाळगणाऱ्यांनी सायलेन्सरचा विषय काढला की पहिला प्रश्न आवाजाचा येतो आणि दुसरा टोकाच्या नळीचा. पाइप किती जाडीचा, हे फॅब्रिकेटरवर सोडून दिलेलं असतं. तो बिचारा कोपऱ्यात पडलेला पाइप उचलतो, आणि तो बहुतेक वेळा 50 मिमीचा असतो, कारण सगळ्यात जास्त खप त्याचाच. म्हणून आज पाइपापासून सुरुवात करू.

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं, ताकद जेमतेम चाळीसेक अश्वशक्ती. ढोबळ हिशेब असा की एका अश्वशक्तीमागे पाइपाच्या आतल्या भोकाचं क्षेत्रफळ 12 चौरस मिमी लागतं. सढळ हाताने 45 अश्वशक्ती धरली तरी 540 चौरस मिमी होतात, म्हणजे आतून 26-27 मिमी व्यास. बाहेरून 38 मिमी आणि 1.5 मिमी जाड पत्र्याचा पाइप आतून 35 मिमी भरतो. त्याचं क्षेत्रफळ 960 चौरस मिमीच्या आसपास, गरजेच्या पावणेदोन पट. 50 मिमीचा पाइप आतून 47 भरतो आणि क्षेत्रफळ 1,735 वर जातं. तेवढाच धूर एवढ्या मोठ्या नळीतून जाऊ लागला की त्याचा वेग जवळपास निम्म्यावर येतो.

याने बिघडतं काय? 'इंजिनाला बॅकप्रेशर लागतं', म्हणजे धुराला थोडा अडथळा हवाच, हे वाक्य गॅरेजांत सर्रास ऐकू येतं. अडथळ्याने कुठल्याही इंजिनाचं भलं होत नाही. पण वेगाने निघालेला धुराचा झोत आपल्यामागे थोडी पोकळी सोडतो आणि सिलिंडरात उरलेला धूर त्या पोकळीत ओढला जातो. इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर (आरपीएमवर) या ओढीचा उपयोग होतो, आणि पद्मिनी तर जन्मभर कमी फेऱ्यांवरच चालते. 50 चा पाइप घातलेल्या गाडीचा पिकअप दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पडतो. मालक कार्बोरेटरला दोष देतो, मेकॅनिक त्यात मोठं जेट (पेट्रोल सोडणारं भोक) टाकतो, ॲव्हरेज जातो, आणि मूळ दुखणं गाडीखाली तसंच लटकत राहतं. 38 मिमी घ्या. इंजिन बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवून बांधलेलं असेल तर 42. त्यापुढे जाऊ नका.

वळणांकडे लक्ष द्या. साध्या प्रेसवर वाकवलेला पाइप वळणाच्या आतल्या बाजूला चपटा होतो. पूर्वीचे कारागीर पाइपात कोरडी वाळू ठासून, दोन्ही तोंडं बंद करून, गॅसने तापवून वाकवत; गोलाई शाबूत राहत असे. वाळू ओली राहिली तर मात्र वाफेच्या दाबाने बूच उडतं, तेव्हा वाळू आधी भाजून घ्यायची. आज सोपा मार्ग म्हणजे तयार एल्बो (वळणाचे तुकडे) आणून कापून जोडणं. एल्बोची मध्यरेषेची त्रिज्या पाइपाच्या व्यासाच्या दीडपट तरी असावी, आणि आत वेल्डिंगचे गोळे राहिलेले नसावेत. बोट फिरवून बघा, जिथे टोचेल तिथे धूरही अडतो.

माल कुठला? काळा एमएस (साध्या पोलादाचा) पाइप स्वस्त, पण आतून गंजतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. मंडईपर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीत ती वाफ मफलरमध्ये, म्हणजे आवाज दाबणाऱ्या डब्यातच, थिजते आणि तिथेच बसून राहते. त्यासाठी मफलरच्या सर्वांत खालच्या बिंदूवर 3 मिमीचं भोक पाडायला सांगा. कारागीर कधीकधी ते 'लीक' समजून भरून टाकतो, त्याला आधीच बजावून ठेवा. 304 प्रतीचं स्टेनलेस टिकाऊ, पण बाजारात 304 म्हणून हलक्या प्रतीचं 202 गळ्यात मारलं जातं. लोहचुंबक दोन्हींना चिकटत नाही, त्यामुळे त्या परीक्षेवर विसंबू नका. थेंब टाकून रंग पाहायचं टेस्टिंग द्रावण हार्डवेअरच्या दुकानांत मिळतं, ते वापरा. वेल्डिंगला 304 साठी 308 एल वायर, आणि जिथे स्टेनलेस एमएस फ्लँजला (बोल्टने आवळायच्या चकतीला) जोडायचं तिथे 309 एल. टिग वेल्डिंग करताना पाइपाच्या आतूनही आर्गॉन वायू सोडला नाही, तर आतला सांधा काळा खडबडीत होतो आणि पुढे नेमका तिथेच तडकतो.

स्टेनलेसची दुसरी खोड म्हणजे ते तापल्यावर फुगतं. अडीच मीटर लांबीचा 304 पाइप अडीचशे अंशांनी तापला तर 10-11 मिमी वाढतो, एमएस त्याच तापमानाला साडेसात. या वाढीला जागा ठेवली नाही तर मॅनिफोल्डचा (सिलिंडरांतला धूर एकत्र करणाऱ्या भागाचा) फ्लँज तरी वाकतो किंवा हँगरचा टाका सुटतो. 'सायलेन्सर पुन्हा तुटला' या तक्रारीत वेल्डरची चूक क्वचित असते, बहुतेक वेळा पाइप जखडलेला असतो.

टांगण्याची पद्धत अशी. इंजिन आपल्या रबरी माउंटिंगवर डावी-उजवीकडे हलतं, बॉडी हलत नाही. म्हणून पहिला आधार गिअरबॉक्सवरून घ्यायचा, म्हणजे पुढचा पाइप इंजिनाबरोबर हलेल. त्यामागे 100 ते 150 मिमीची जाळीदार फ्लेक्सिबल नळी, आणि तिच्या मागचे सगळे हँगर रबरी, बॉडीला. फ्लेक्सिबल नळी वाकडी ताणून बसवली तर वर्षभरात फाटते, ती सरळ आणि सैल हवी.

आता सर्वांत जास्त घात करणारी जागा, मागच्या ॲक्सलवरचं वळण. गाडी जॅकवर किंवा पोस्ट-लिफ्टवर बॉडीने उचललेली असते, तेव्हा ॲक्सल स्प्रिंगच्या पाट्यांसकट खाली लोंबतो आणि वर ऐसपैस जागा दिसते. कारागीर त्या जागेत पाइप बसवून मोकळा होतो. गाडी चाकांवर उतरली, मागे तिघं बसले, पहिला स्पीडब्रेकर आला की ठण्. मोजमाप घ्यायचं ते गाडी रॅम्पवर किंवा खड्ड्यावर, वजन चाकांवर असताना. ॲक्सल आणि त्याचा रबरी बम्पस्टॉप (ॲक्सलला वर अडवणारा ठोकळा) यांतलं अंतर मोजा, त्यात 25 मिमी मिळवा. ॲक्सल आणि पाइप यांत तेवढी मोकळीक हवीच. पेट्रोलच्या नळीपासून किमान 35 मिमी अंतर ठेवणं तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतच सांगितलं आहे. हँडब्रेकची केबलही तपासा, तिचं आवरण उष्णतेने वितळलं की केबल अडकते.

मफलरवर खर्च करा. आवाज कमी होतो तो मुख्यतः त्याच्या पोटाच्या आकारमानामुळे. इंजिनाच्या सीसीच्या सहा ते दहापट पोट असावं. 150 मिमी व्यास आणि 450 मिमी लांबीचा डबा जवळपास 8 लिटरचा होतो, पद्मिनीला सव्वासात पटीच्या आसपास, बरोबर. आत भोकाच्या नळीभोवती ग्लासवुल भरलेला सरळ प्रकार धुराला मोकळी वाट देतो आणि तीक्ष्ण आवाज शोषतो, पण खालचा घुमारा तसाच सोडतो. आत कप्पे पाडलेला प्रकार उलट. चार सिलिंडरच्या इंजिनात धुराचे ठोके किती, हे फेऱ्यांना 30 ने भागलं की कळतं. 2,700 फेऱ्यांवर 90 हर्ट्झ, नेमका हायवेवरचा वेग, आणि याच सुराला पद्मिनीचं छप्पर डब्यासारखं घुमतं. बाजूला बंद टोकाची नळी जोडून हा सूर मारता येतो, पण गरम धुरात तिची लांबी 1.2 मीटरच्या आसपास येते. गाडीखाली एवढी जागा काढणं जिकिरीचं. त्यापेक्षा पुढे कप्प्यांचा छोटा डबा आणि मागे ग्लासवुलचा मोठा, ही जोडी जमते.

आता टोक. नियम 112 प्रमाणे धूर खाली किंवा डावीकडे सोडायचा नाही, मागे किंवा उजवीकडे. म्हणजे खाली वळवलेली ती फॅशनेबल नळी बाद; तसंही तिने कच्च्या रस्त्यावर धुळीचे लोटच उठतात. नळी मागच्या पत्र्याच्या 25 ते 50 मिमी बाहेर यायला हवी. चालत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी असतो, आखूड नळीचा धूर तिथे घोटाळतो आणि डिकीच्या कडक झालेल्या रबरातून आत शिरतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, ज्याला वास नाही. डिकीचं रबर सायलेन्सरच्या कामाबरोबरच बदला.

दिसण्याचं म्हणाल, तर पद्मिनीच्या बारीक क्रोम बम्परखाली 42 ते 45 मिमीची, कड आत वळवलेली एकच नळी शोभते. 100 मिमीची टीप लावली की आतली 38 ची नळी लांबून दिसते आणि सगळी हवा निघून जाते. दोन टोकांची हौस असेल तर ती कॉन्टेसा गाडीला करा, तिथे बम्पर तेवढा रुंद आहे. क्रोमपासून 40 मिमी अंतर ठेवा, नाहीतर पिवळा डाग पडतो.

काम झाल्यावर थंड इंजिन चालू करून, हातमोजा घालून, जाड फडक्याने टोक क्षणभर दाबा. सांध्यातून फुसफुस ऐकू आली की लीक तिथे. गॅस पॅडल सोडल्यावर फटफट वाजत असेल तर मॅनिफोल्डचं गॅस्केट पाहा, हवा तिथून आत ओढली जाते. शंभर किलोमीटरनंतर गरम-थंड होऊन नट सैल पडतात, पुन्हा आवळा. मॅनिफोल्डला पितळी नट घाला, गंजून जखडत नाहीत. मग पीयूसीवर न्या. मार्च 2000 पूर्वीच्या पेट्रोल गाडीला आयडलिंगवर (उभ्या गाडीत इंजिन मंद चालताना) कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के, हायड्रोकार्बन 1,500 पीपीएम. 1995 नंतर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसह (धूर शुद्ध करणाऱ्या डब्यासह) आलेली गाडी असेल तर तो काढू नका. आवाज आणि धूर यांच्या मर्यादा ओलांडल्या तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.