शेपटी कुठे गेली?

श्रोतेहो, नमस्कार.

बेडकाचं पिल्लू पाहिलंय ना? पाण्यात वळवळणारं, लांब शेपटीचं. पुढे त्याला पाय फुटतात आणि शेपटी नाहीशी होते. ती गळून पडत नाही, कुणी तोडतही नाही. आखडत आखडत अंगातल्या अंगात जिरते. आता शेपटी म्हणजे नुसतं मऊ मांस नव्हे. तिच्यात कोलॅजेन असतं. तीन साखळ्यांना पीळ देऊन वळलेला प्रथिनांचा दोर म्हणजे कोलॅजेन. आपली कातडी, हाडं, कूर्चा याच दोरांवर उभ्या आहेत. अन्न पचवणारी नेहमीची विकरं, म्हणजे एन्झाइम्स, या दोराला सहजी तोडू शकत नाहीत. मग शेपटीत तो कोण कापतं?

१९६२ साली अमेरिकेत जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर यांनी अगदी साधा प्रयोग केला. बशीत कोलॅजेनचा दुधाळ थर जमवला, त्यावर जिवंत शेपटीचे बारीक तुकडे ठेवले आणि बशी उबेला ठेवून दिली. काही वेळानं प्रत्येक तुकड्याभोवती काचेसारखं स्वच्छ वर्तुळ दिसू लागलं. तुकड्यातून काहीतरी पाझरत होतं आणि तेच तो दोर कापत होतं. हे कोलॅजनेज. पुढे त्याची भावंडं सापडत गेली. माणसात ती वीसहून अधिक आहेत. प्रत्येकाच्या पात्यापाशी जस्ताचा एक अणू बसलेला असतो, त्याच्या जोरावर प्रथिन कापलं जातं. पेशी ही कात्री बाहेर सोडते ती म्यानात घालून. म्यानाचा एक धागा त्या जस्तालाच बांधलेला असतो. तो सुटल्याशिवाय पातं चालत नाही.

आज ज्या बाईंबद्दल बोलणार आहे, त्यांनी हयातभर या कात्र्यांचा माग काढला. त्यांचं नाव झीना वर्ब. त्यांचा जन्म मार्च १९४५ मधला, बर्गन-बेल्सनच्या नाझी छळछावणीतला. १५ एप्रिलला ब्रिटिश सैन्य तिथे पोचलं, तेव्हा ही पोर महिन्याचीही नव्हती. बालपण कॅनडात गेलं, शिक्षण टोरांटो विद्यापीठात झालं आणि १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातून डॉक्टरेट मिळाली. चरित्र मी मुद्दाम भराभर सांगतोय. अशा जन्मकथेचा मोह आवरत नाही, आणि मग माणसाचं काम मागे राहतं.

रॉकफेलरमध्ये झॅनव्हिल कोन यांच्या हाताखाली त्यांची गाठ मॅक्रोफेजशी पडली. मॅक्रोफेज म्हणजे रक्षक पेशी. जंतू, मेलेल्या पेशी, कचरा, जे समोर येईल ते गिळणारी. तेव्हा तिच्याकडे बरेचसे झाडूवाल्याच्या नजरेनं पाहिलं जाई: आली, साफ केलं, गेली.

तिथून वर्ब इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या स्ट्रेंजवेज प्रयोगशाळेत गेल्या. तिथे अॅलन बॅरेट आणि त्यांचे सहकारी रक्तातल्या एका अवाढव्य प्रथिनाच्या मागे लागले होते. अल्फा-टू-मॅक्रोग्लोब्युलिन हे त्याचं नाव. नाव विसरलात तरी चालेल, करामत लक्षात ठेवा. या प्रथिनाच्या अंगावर एक मोकळा पट्टा असतो, अक्षरशः आमिष म्हणून. भटकत आलेली कात्री तो पट्टा कापते आणि त्याच क्षणी अख्खं प्रथिन मिटतं. कात्री आत अडकते. पातं शाबूत असतं, पण मोठं सावज पिंजऱ्यातून आत येऊच शकत नाही. कोलॅजनेजही याच सापळ्यात सापडतं, हे दाखवणाऱ्या १९७४ च्या शोधनिबंधात वर्ब यांचं नाव आहे. मला स्वतःला जीवरसायनशास्त्रात याहून सुरेख यंत्र सापडलेलं नाही. चोराच्या हातानंच दार लावून घ्यायचं!

१९७५ मध्ये सायमन गॉर्डन यांच्याबरोबर वर्ब यांनी दाखवलं की चेतवलेली मॅक्रोफेज नुसती गिळत नाही, ती कात्र्या बाहेरही टाकते. कोलॅजनेज तर सोडतेच, शिवाय इलास्टेजही सोडते. फुप्फुसाला आणि रक्तवाहिन्यांना जी लवचीकता असते ती इलास्टिन या तंतूमुळे, आणि इलास्टेज नेमका तोच तंतू कापतं. म्हणजे रक्षक जिथे तळ ठोकतात, तिथल्या भिंतीही पोखरल्या जाऊ शकतात. दोन वर्षांनी त्यांनी आमवाताच्या सांध्यांकडे मोर्चा वळवला. सांध्याच्या अस्तरातल्या पेशी कोलॅजनेज म्यानातच सोडतात. ते म्यान काढायला प्लास्मिन नावाची दुसरी कात्री कामी येते, असं तिथे दिसलं. एक कात्री दुसरीला मोकळी करते.

१९७६ पासून त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात होत्या, त्या अखेरपर्यंत. तिथला १९८९ चा एक प्रयोग मला त्यांच्या कामाचा कणा वाटतो. पेशी ज्या जाळीला धरून राहतात तिच्यात फायब्रोनेक्टिन नावाचं प्रथिन असतं. सांध्याच्या पेशी अखंड फायब्रोनेक्टिनवर ठेवल्या, तर त्या निवांत बसल्या. त्याच प्रथिनाच्या तुटक्या तुकड्यावर ठेवल्या, तर त्या कोलॅजनेज बनवू लागल्या. पायाखालची जमीन तुटली आहे हे पेशीला कळतं, आणि ती कामाला लागते! तोवर कापणं म्हणजे मोडतोड, असाच बहुतेकांचा हिशेब होता. इथे कापलेला तुकडा निरोप घेऊन आला होता. जखम भरताना असा निरोप हवाच असतो. आमवाताच्या सांध्यात मात्र तो थांबतच नाही, असं मानायला जागा आहे.

कर्करोगातही हेच कोडं. गाठ पसरायची तर वाट कापावी लागणार, तेव्हा कात्री गाठीच्याच पेशींची असणार, असं कुणालाही वाटेल. २००० साली लिसा कूसेन्स, डग्लस हॅनाहन आणि वर्ब यांच्या चमूनं त्वचेचा कर्करोग होणारे उंदीर घेतले आणि त्यांच्यातली एमएमपी-नऊ ही कोलॅजनेजच्या भावंडांपैकी एक कात्री जनुकातूनच काढून टाकली. कर्करोग कमी झाले. मग त्याच उंदरांना ही कात्री शाबूत असलेल्या निरोगी उंदरांचा अस्थिमज्जा दिला, तर कर्करोगाचं प्रमाण पुन्हा वाढलं. म्हणजे कात्री पुरवत होत्या त्या मज्जेतून आलेल्या दाहाच्या पेशी, आपल्याच पहारेकरी पेशी. त्याच शोधनिबंधात एक अवघड ओळही आहे: कात्री नसताना जे थोडे कर्करोग झाले, ते अधिक उग्र वळणाचे होते.

ही ओळ आधी हाती असती तर? कारण नव्वदच्या दशकात या कात्र्या बोथट करणारी औषधं माणसांवर तपासली जात होती. मॅरिमास्टॅट हे त्यातलं गाजलेलं नाव. अनेक चाचण्या आजार फार पुढे गेलेल्या रुग्णांवर झाल्या. सांधे आणि स्नायू दुखू लागले, आणि आयुष्य वाढेल ही आशा बहुतेक ठिकाणी फोल ठरली. औषध सरसकट सगळ्या कात्र्यांना बांधत होतं. त्यातली कुठली उपकार करतेय याची चौकशी कुणी पुरेशी केलीच नव्हती. घाई झाली, असं माझं स्पष्ट मत आहे.

वर्ब जून २०२० मध्ये गेल्या. त्या सगळ्या धामधुमीतून अमेरिकेत मान्यता मिळून टिकलेलं औषध तसं जुनंच आहे: डॉक्सिसायक्लिन, एरवी जंतूंवर देतात ते. हिरड्यांच्या आजारात ते फक्त २० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा देतात. एवढ्याशा मात्रेनं जंतू मरत नाहीत. दाताला धरून ठेवणारं कोलॅजेन कापणारी पाती तेवढी मंदावतात.

नमस्कार.